खार-सशाच्या शिकारीसाठी टिकाऊ .२२ रायफल कशी निवडावी

अमेरिकेत बरीच वर्षे काढलेल्या मराठी घरांतून अधूनमधून हा प्रश्न येतो. ऑफिसातला सहकारी दर शरद ऋतूत खारींच्या शिकारीला जातो, एकदा त्याच्याबरोबर रानात जाऊन आलो, आता स्वतःची रायफल घ्यायची आहे, तर कुठली घ्यावी? दुकानात भिंतभर रायफली टांगलेल्या असतात. विक्रेता आपल्या आवडीची पुढे करतो, आणि माणूस दिसायला भारी वाटणारी घेऊन येतो.

माझे मत आधीच सांगतो. खाण्यासाठी खार आणि ससा मारायचा असेल, तर '.२२ लाँग रायफल' नावाचे काडतूस घेणारी (.२२ म्हणजे गोळीचा इंचातला व्यास), सुट्या मॅगझिनची, म्हणजे काडतुसांच्या डबीची, साधी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्या. बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढून पुढचे काडतूस भरायची. टिकाऊपणा नुसत्या जाड लोखंडावर ठरत नाही. तीस वर्षांनी तिचे काडतूस, मॅगझिन आणि एक्स्ट्रॅक्टर बाजारात मिळणार असेल, तरच ती टिकली म्हणायची. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौसेच्या शिकारीला जागा राहिलेली नाही, आणि ते योग्यच झाले. शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. रामाने पाठीवरून बोटे फिरवलेल्या खारीची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना खारीची शिकार ऐकूनच कसेसे होते, हेही मी जाणतो. अमेरिकेतली करडी खार मात्र तिथे मुबलक आहे. तिचा हंगाम आणि रोजची मर्यादा राज्याचे वन्यजीव खाते ठरवते, आणि तिचे मांस घरी शिजवले जाते. हा लेख तिथल्या शिकारीपुरता आहे. उदाहरणे मुख्यतः पेन्सिल्व्हेनियाची आहेत.

पहिली पायरी: आधी कागद, मग दुकान

ही पायरी मराठी वाचकांनी सर्वांत काळजीपूर्वक वाचावी. ग्रीन कार्डधारकाला संघीय कायद्याने रायफल घेता येते. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसे बाळगायला मुळात बंदी आहे. बाळगणे म्हणजे नुसती मालकी नव्हे. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणेही त्यात येते. या बंदीला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला आपल्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला चालू शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. हा संघीय गुन्हा आहे आणि त्याचा थेट परिणाम तुमच्या इमिग्रेशनवर होतो, म्हणून व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा. विचारायचे चार पैसे लागले तरी चालतील.

परवान्यासाठी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला पेन्सिल्व्हेनियात शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. बहुतेक राज्यांत असेच काहीतरी आहे. तो मनापासून करा. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते. रायफलीसाठी संघीय कायद्याने किमान वय १८. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर खरेदी करून देणे गुन्हा आहे. 'त्याचा व्हिसा अडतो, म्हणून मी घेऊन देतो' हे मैत्रीखातरसुद्धा करू नका.

नियमपुस्तिकेत तीन गोष्टी शोधा: लहान शिकारीला कुठली काडतुसे चालतात, सेमी-ऑटोमॅटिक (बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) चालते का, मॅगझिनमध्ये किती काडतुसांना मुभा आहे. राज्याराज्यांत यात मोठा फरक आहे. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, आणि रायफलीच्या निवडीवर त्याचा परिणाम होतो.

दुसरी पायरी: काडतूस ठरवा

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आले आहे. रिमफायर असल्यामुळे त्याचे स्फोटक काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते. म्हणून ते घरी पुन्हा भरता येत नाही, विकतच आणावे लागते. दुकानात मिळणारे काडतूस निवडणे इथे महत्त्वाचे ठरते ते यामुळेच.

दोन उदाहरणे पाहा. रेमिंग्टनने १९७० च्या सुमारास ५ मिलिमीटरचे रिमफायर मॅग्नम आणले. काडतूस चांगले होते, त्याच्या रायफली चांगल्या होत्या. काही वर्षांत कंपनीने हात आखडता घेतला, आणि धडधाकट रायफली कपाटात पडून राहिल्या. पुढे २००४ मध्ये हॉर्नेडीने .१७ एचएम२ आणले. काही वर्षांत तेही दुकानांतून जवळपास दिसेनासे झाले, आणि बऱ्याच काळाने परत आले. .२२ लाँग रायफलचाही २०१३ च्या आसपास देशभर तुटवडा झाला होता, पण तो मागणी वाढल्यामुळे, कारखान्यांनी पाठ फिरवल्यामुळे नव्हे.

मग .२२ मॅग्नम आणि .१७ एचएमआर कशासाठी? पहिले १९५९ चे, दुसरे २००२ चे. दोन्ही वेगवान, महाग आणि लांब पल्ल्याची. .१७ एचएमआरची १७ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे छोटे माप) गोळी सेकंदाला सुमारे २,५५० फूट वेगाने निघते. शेतात बिळे करणाऱ्या ग्राउंडहॉगसाठी ती उत्तम. खारीच्या अंगाला लागली, तर मात्र खाण्याजोगे फारसे उरत नाही. ज्याला सावज हंड्यात घालायचे आहे, त्याने या दोघींच्या मोहात पडू नये.

तिसरी पायरी: अ‍ॅक्शन

अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस भरण्याची आणि काढण्याची यंत्रणा. चापाजवळचा दांडा ओढून भरायची लिव्हर-अ‍ॅक्शन हाताळायला सुंदर असते. हेन्रीची एच००१ अनेक घरांत पिढ्यांसाठी घेतली जाते. पण नळीखालच्या ट्यूब मॅगझिनमध्ये काडतुसे भरताना हात बॅरलच्या तोंडाजवळ जातो, आणि त्या पातळ ट्यूबला पोचा पडला की रायफल अडते. एका वेळी एकच काडतूस घेणारी सिंगल-शॉट मुलांना शिकवायला चांगली.

खरी निवड बोल्ट-अ‍ॅक्शन आणि सेमी-ऑटो यांत आहे.

सेमी-ऑटोमध्ये रूगर १०/२२ हे नाव टाळता येत नाही. १९६४ पासून ती अखंड बनते आहे. तिचे दहा काडतुसांचे गोल फिरते मॅगझिन अत्यंत भरवशाचे आहे. तिचा प्रत्येक भाग, अगदी खिळ्यापर्यंत, कुणी ना कुणी बनवतो. बॅरल दोन स्क्रूंनी धरलेले असते, म्हणून घरच्या घरी बदलता येते. भाग मिळण्याच्या निकषावर तिच्यासमोर कुणी उभे राहत नाही. मार्लिन मॉडेल ६० ही १९६० पासूनची, एक कोटीहून अधिक खपलेली. नेमाला अचूक, पण तिच्यातला धक्का झेलणारा प्लास्टिकचा बफर जुना झाला की तडकतो. जुनी घेतलीत तर तो पहिल्याच दिवशी बदला.

तरीही पहिली रायफल म्हणून मी बोल्ट-अ‍ॅक्शनच सुचवतो. मंद गतीची, वेगवान, शिशाविना, अशी .२२ लाँग रायफलची कुठलीही काडतुसे ती पचवते. सेमी-ऑटोला पुढचे काडतूस भरायला ठरावीक धक्का लागतो, आणि मंद काडतुसे तिथे अडकतात. बोल्टमध्ये हलणारे भाग कमी, साफसफाई मागच्या बाजूने सरळ. शिवाय प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो, त्यामुळे नवशिका आधी नेम धरतो, मग चाप ओढतो. ही सवय लागणे फार मोलाचे आहे.

नावे घ्यायची तर चेक प्रजासत्ताकातली सीझेड ४५७ माझ्या यादीत सर्वांत वर. थंड अवस्थेत घणाने घडवलेले बॅरल, जुळवता येणारा ट्रिगर, अक्रोड किंवा बीचचा दस्ता. फिनलंडची टिक्का टी१एक्स पॉलिमर दस्त्याची, पावसाला न जुमानणारी. खिशाला सोसणारी हवी असेल, तर सॅवेज मार्क-२. तिची अचूकता किमतीपेक्षा बरीच वरची आहे, मात्र तिच्या मॅगझिनचे ओठ जपावे लागतात.

चौथी पायरी: काय झिजते ते ओळखा

.२२ चे बॅरल सहसा झिजत नाही. मऊ शिसे, थोडी दारू, कमी दाब. दहा-दहा हजार बार काढूनही त्याला काही होत नाही. बॅरल मरते ते माणसाच्या हातून. पुढच्या तोंडातून साफसफाईची कांब घालून घासले की तोंडाची कड, म्हणजे क्राउन, एका बाजूने झिजते. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला करते. ती वाकडी झाली की नेम गेला.

दुसरा शत्रू रिकामा चाप. रिमफायरमध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसेल, तर काही रायफलींत ती थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, कडेवर बसते, तिथे खड्डा पडतो आणि पुढे काडतूस आत-बाहेर करताना अडकते. १०/२२ ला रिकामा चाप चालतो असे कंपनीच सांगते. बाकी रायफलींची पुस्तिका वाचा. सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा, लहान प्लास्टिकचा ड्रायवॉल अँकर चेंबरमध्ये बरोबर बसतो आणि पिनचा मार झेलतो.

तिसरा, मॅगझिन. 'रायफल बिघडली' अशी निम्मी तक्रार खरे तर मॅगझिनची असते. काडतूस धरणारे त्याचे ओठ जरा वाकले की भरणा चुकतो. म्हणून रायफलीबरोबर त्याच दिवशी दोन जादा मॅगझिन घ्या. मॉडेल बंद पडले की आधी तीच दुर्मिळ होतात. आणि जिचे मॅगझिन आत्ताच मागवून आणावे लागते, ती रायफल घेऊ नका.

एक्स्ट्रॅक्टर हा नखाएवढा आकडा, रिकामे काडतूस ओढून काढणारा. तो आणि त्याची स्प्रिंग आधी थकते. किंमत थोडी, पण मिळाला पाहिजे. सुटे भाग विकणाऱ्याकडे तो आहे का, हे खरेदीपूर्वी पाहून ठेवा.

दस्त्याचे काय? अक्रोडाचा दस्ता देखणा, आणि पिढ्यान्पिढ्या टिकतो, पण दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या थंडीत आक्रसते, आणि बॅरलवरचा दाब बदलून नेम हलतो. थर चिकटवून केलेले लॅमिनेट हलत नाही, पण जड असते. प्लास्टिकच्या दस्त्याला नाक मुरडणाऱ्यांनी रेमिंग्टनच्या नायलॉन ६६ कडे पाहावे. १९५९ मध्ये ती आली तेव्हा नायलॉनचा दस्ता पाहून लोक हसले. त्याच वर्षी कंपनीच्या टॉम फ्राय या नेमबाजाने हवेत फेकलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांवर या रायफलींनी बार काढले आणि फक्त ६ चुकवले. पुढे तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत तिने नाव कमावले, कारण तिला तेल जवळपास लागतच नाही आणि थंडीत गोठायला काही उरत नाही.

काळे, ब्लूइंग केलेले पोलाद घामाने गंजते. काहींच्या हाताला इतका खारट घाम असतो की दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबूस दिसतात. तुमचा हात तसा असेल किंवा तुम्ही समुद्राजवळ राहत असाल, तर स्टेनलेस घ्या. इतरांना ब्लूइंग पुरते.

पाचवी पायरी: अंगाला बसते का

याकडे सगळे दुर्लक्ष करतात. प्रौढांच्या रायफलींत दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर साधारण साडेतेरा इंच असते. सव्वापाच फुटांच्या माणसाला, आणि आपल्या घरांतल्या बऱ्याच बायकांना, ते लांब पडते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. मान न ताणता दुर्बिणीतून पूर्ण गोल दिसला पाहिजे. दिसत नसेल, तर आखूड दस्त्याचे किंवा जोडपट्ट्यांनी लांबी बदलणारे मॉडेल मागा. वजन अडीच ते तीन किलोंच्या दरम्यान असावे. दुर्बीण चढवली की त्यात आणखी भर पडते, आणि ते सगळे सकाळभर रानात वागवायचे असते.

सहावी पायरी: दुर्बीण

मोठ्या रायफलीसाठीची दुर्बीण .२२ वर चढवू नका. तिचा पॅरलॅक्स बहुधा १०० यार्डांवर जुळवलेला असतो. खार भेटते २० ते ५० यार्डांवर, आणि तिथे डोळा जरा हलला की नेमाची फुली सावजावरून सरकते. रिमफायरसाठी म्हणून विकली जाणारी, ५० किंवा ६० यार्डांवर जुळवलेली घ्या. स्थिर ४ पट किंवा २ ते ७ पट मोठेपणा पुरे. दाट पानांत जास्त मोठेपणा उलट अडचण करतो, खार सापडतच नाही. बसवण्याआधी रायफलीवर ११ मिलिमीटरची खाच आहे की रुंद रेल, ते पाहून त्याच मापाच्या रिंगा घ्या.

सातवी पायरी: जुनी रायफल तपासताना

जुनी .२२ हा अनेकदा सर्वांत चांगला सौदा असतो. हातात घेण्यापूर्वी परवानगी मागा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मग पुढचे.

आधी स्क्रूंची डोकी पाहा. ती खरवडलेली असतील, तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने आत हात घातला आहे. मग बॅरलमध्ये मागून उजेड टाका. चर स्पष्ट आणि चकचकीत हवेत. चेंबरच्या पुढच्या भागात गडद कडे दिसले, तर तिच्यात वर्षानुवर्षे आखूड .२२ शॉर्ट वापरले असण्याची शक्यता आहे. साफ करून ते जाते की कायमचा खड्डा आहे, ते ठरवा. चेंबरच्या कडेवर पिनच्या माराचा खड्डा आहे का, क्राउन सर्व बाजूंनी सारखा आहे का, दस्त्याच्या मनगटाशी चीर आहे का, हे नखाने तपासा. लाकूड आणि पोलाद जिथे मिळतात त्या रेषेवर गंज लपलेला असतो. सेफ्टी लावून चाप ओढून पाहू द्या असे विचारा. सेफ्टी काढताना पिन सुटली, तर ती रायफल तिथेच ठेवा.

१९६८ पूर्वीच्या स्वस्त .२२ रायफलींवर पुष्कळदा सीरियल नंबरच नसतो. तो तेव्हा सक्तीचा नव्हता, म्हणून घाबरू नका. नंबर खोडल्याच्या खुणा असतील, तर मात्र हातही लावू नका. नंबर असेल, तर त्या मॉडेलचा रिकॉल निघाला होता का, ते कंपनीकडे तपासा.

आठवी पायरी: तिला आवडणारे काडतूस शोधा

प्रत्येक .२२ ला एखादे काडतूस मानवते, आणि कुठले ते गोळ्या झाडूनच कळते. चार-पाच प्रकारांची एकेक पेटी आणा. त्यात ४० ग्रेनचे मंद गतीचे एक आणि ३६ ते ४० ग्रेनची पोकळ टोकाची वेगवान दोन-तीन असू द्या. ५० यार्डांवर, टेकून, प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्यांचे काही गट काढा. प्रकार बदलल्यावर पहिले दहा बार मोजू नका, कारण आधीच्या गोळीचे मेण अजून बॅरलमध्ये असते. पाचही गोळ्या क्वार्टरच्या (पंचवीस सेंटच्या) नाण्याखाली झाकल्या, तर तेच तुमचे काडतूस. मग त्याच लॉटची मोठी पेटी घ्या.

वेगवान तेच चांगले, असे समजू नका. वेगवान गोळी आवाजाच्या वेगावरून खाली येताना जास्त खेचली जाते आणि आडव्या वाऱ्यात मंद गोळीपेक्षा अधिक वाहते. शिशाविना हलक्या गोळ्या बऱ्याच रायफलींत विखुरतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी रायफलीवर मत बनवण्याआधी त्या जरूर तपासाव्यात.

नेम ५० यार्डांवर जुळवा. वेगवान ४० ग्रेनची गोळी मग ७५ यार्डांवर दीड-दोन इंच आणि १०० वर पाच-सहा इंच खाली लागते. अगदी जवळ, दहा यार्डांवर, तीही इंचभर खाली लागते, कारण दुर्बीण बॅरलच्या दीड इंच वर बसलेली असते. ज्या अंतरावर रानातल्या अवघडल्या बैठकीतून दहापैकी नऊ गोळ्या क्वार्टरएवढ्या जागेत बसतात, तेवढाच तुमचा पल्ला. त्यापलीकडची खार सोडून द्या. जखमी होऊन पोकळ झाडात शिरलेली खार तिथेच तडफडून मरते, आणि ती जबाबदारी चाप ओढणाऱ्याची असते.

रानात आणि घरी

लहान रायफल म्हणून गाफील राहू नका. .२२ ची गोळी दीड मैलांपर्यंत जाते. फांदीवरच्या खारीमागे नुसते आभाळ असेल, तर बार काढू नका. जाड बुंधा मागे येईपर्यंत थांबा, नाहीतर जमिनीवर उतरू द्या. पेन्सिल्व्हेनियात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कपडा अंगावर लागतो, आणि खारींची दिवसाची मर्यादा ६ आहे. ससा सोलताना रबरी मोजे घाला, कारण सशांतून तुलारेमिया हा आजार माणसाला होतो. मांस पूर्ण शिजवा, जखमेभोवतीचा भाग कापून टाका, शिशाचे कण तिथेच असतात.

देखभाल थोडी, पण नेमाने. दर शंभर-दोनशे बारांनी चेंबर आणि बोल्टचे तोंड पुसा. बॅरल मात्र नेम बिघडायला लागल्यावरच साफ करा, आणि शक्यतो मागून. नेहमीच्या १०/२२ मध्ये मागून कांब घालता येत नाही, तिथे दोरीचे बोअर स्नेक वापरा. तेल अगदी पातळ हाताने लावा, जास्त तेलात दारूची काजळी चिकटून चिखल होतो. पावसातून आल्यावर रायफल थेट कपाटात ठेवू नका. दस्ता काढा, पोलाद कोरडे करा, हलका हात तेलाचा फिरवा, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच आत ठेवा. कापडी किंवा फोमच्या पिशवीत ती कधीही साठवू नका, ओल तिथे मुरते. कपाटाला कुलूप, काडतुसांना वेगळे कुलूप, आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.